अदलाबदल

रविवारी सांगलीच्या यार्डात सौदे बंद.
गाळ्याच्या कट्ट्यावर, पोत्यावर मांडलेले
चार्जर, रॅमच्या पट्ट्या, एक फुटका मोडेम.
इलाही शिकलगार म्हणाला,
"बिजागरी ढिली हाय, बाकी वाघ."
विटेएवढा जाड लॅपटॉप.
मी दोन हार्डडिस्क दिल्या, वर चहा.

घरी सात स्क्रू काढले,
आठवा नव्हताच.
पंख्यात हळद.
वीसेक वर्षांची, घट्ट बसलेली, अजून पिवळी.
कुठल्या अडत्याच्या गादीवर
घरघरत होता, कोण जाणे.

रॅम दुप्पट केली. डिस्क बदलली.
ब्रशनं सगळं झाडलं, म्हणजे
बरंचसं.

सुरू होताच त्यानं आधी तारीख विचारली.
मी आजची टाकली.
बराच वेळ गप्प.
मग पंखा फिरला
आणि मला सटकन शिंक आली.

आतून मावशी म्हणाली,
"सत्य आहे."