गाळलेला शब्द

डुलुथच्या वाचनालयाचं तळघर, गुरुवार, सात वाजलेले.
बाहेर उणे एकोणीस.
घडीच्या खुर्च्यांवर अकरा बाया, दोन पुरुष,
आणि मागे मी,
प्रोजेक्टरच्या दात्यांवर पट्टी चढवणारा.

फिल्म बावीस मिनिटांची. पहिला धडा : बिघडलेला टोस्टर.
निळ्या कोटातली बाई खोकं काउंटरवर ठेवते.
दुकानदार म्हणतो, तुम्हीच नीट वापरला नसेल.
निवेदक सांगतो, नजर सरळ, खांदे सैल,
आवाज चढू नये, पडूही नये.
ती तोंड उघडते

आणि दुकानदार पैसे मोजत असतो.

मधलं 'नाही' नाहीच.
सात वर्षं यंत्र नेमकं तिथेच चावतं.
दर खेपेला मी फाटलेल्या चौकटी कापल्या, टोकं चिकटवली.
आधी आवाज गेला, मग ओठ.
आता दिसते फक्त
टाळूकडे निघालेली जीभ.

वर्ग घेणाऱ्या मिसेस क्वालहाइमनी घरचा अभ्यास दिला होता :
भिडेखातर घरात आलेल्या गोष्टींची यादी.
लेम्पी हाताया उभी राहून वाचते :
एक ज्ञानकोश, अठरा खंड.
दोन मांजरं.
नवरा.
सगळे हसतात. मग तीही हसते.

जोड्या लावल्यावर
ती समोरच्याला म्हणते, टोस्टर परत घ्या,
म्हणजे जमलं तर,
नाहीतर राहू दे, मी पाव तव्यावर भाजते.

खुर्च्या मिटल्या. कॉफीची किटली धुऊन झाली.
ती एकटी मागे रेंगाळते,
आणि मला विचारते, तो शब्द कुठाय?

खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत
सगळ्या चौकटी ठेवल्यात मी. का, ते विचारू नका.
एक उचलून ती दिव्यासमोर धरते.
करंगळीच्या नखाएवढी निळी बाई.
बराच वेळ बघते.
मग म्हणते, ही तर घाबरलीय.

सात वर्षांत हे मला दिसलं नव्हतं.
सेकंदाला चोवीस या वेगानं
ती कधी घाबरलेली वाटलीच नाही.

लेम्पी हातमोजा काढते, चौकट त्याच्या अंगठ्यात सरकवते,
हातमोजा परत चढवते.
ही मी नेते, म्हणते.
नेऊ का, असं नाही.

वाचनालयाची मालमत्ता आहे,
असं मी म्हणणार होतो.
तोंड उघडलं

आणि वरचं दार लागल्याचा आवाज आला.