नऊ दिवसांचं टपाल

दर दुसऱ्या मंगळवारी, चर्चच्या तळघरात
आम्ही अकरा जण. बारावी खुर्ची मांडून ठेवतो,
कुणी आलंच तर उभं राहायला नको.
सेंट जॉन्सचं धुकं जिन्यापर्यंत येतं
आणि वर्गणीचं ऐकून मागे फिरतं.

युवा निधी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
त्यातून शाळांना जातात शंभर तिकिटांची पाकिटं,
एक चिमटा, एक भिंग,
आणि अँब्रोज कीपिंगच्या हातची चिठ्ठी:
‘तिकीट ओढून काढू नये. कोमट पाण्यात ठेवावं.
ते आपणहून कागद सोडतं. वाट पाहावी.’
बावीस वर्षांत उत्तरं आली चार.
एकात भिंग परत आलं होतं, तडा गेलेलं.

पाचवं ब्रेना क्लुएटचं. वय चौदा.
‘तिकिटं छान आहेत,
पण त्यांच्यावरचा शिक्का कुणी मारला?’

त्या वर्षी टपाल-इतिहासाची शिष्यवृत्ती तिला दिली.
चारशे डॉलर, बसचं भाडं,
दप्तरखान्यात बसायची परवानगी.
अर्ज एकच होता, तरी आम्ही मतदान घेतलं.

तिचा विषय गॅनेट टिकल.
टिकल म्हणजे आमच्याकडे
दोन खडकांमधून पाणी अंग चोरून जातं ती वाट.
तिथली माणसं सरकारनं हलवली,
घरं तराफ्यांवर चढवून खाडीपार ओढत नेली,
एका घराच्या खिडकीत म्हणे पडदे तसेच होते.
टपाल कार्यालय बंद: ३१ ऑक्टोबर १९६७.
अँब्रोजच्या सूचीत, पान चौऱ्याऐंशीवर, ठाम:
‘नोव्हेंबरचे शिक्के आढळल्यास बनावट समजावेत.’

परीक्षक अँब्रोजच.
ब्रेनानं टेबलावर तीन पाकिटं ठेवली.
दोन नोव्हेंबर. पाच. नऊ.
कुणीतरी कॉफी ढवळायचं थांबलं.

तिनं भाषण केलं नाही.
डाकबोटीच्या नोंदवहीची नक्कल पुढे सरकवली:
‘वादळ. गॅनेट टिकलला थांबता आलं नाही.’
खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.
शिक्का ताब्यात घ्यायला यायची बोट
नऊ दिवस आलीच नाही.
मागे राहिली होती तीन घरं
आणि पोस्टमास्तरीण ड्रुसिला पार्डी.
‘पगार एकतीसला थांबला,’ ब्रेना म्हणाली,
‘पण ती रोज सकाळी तारीख बदलत राहिली.’

अँब्रोजनं भिंग लावलं.
पाचाच्या आकड्याची शेपटी तुटकी,
शाई पातळ, बहुधा पाणी घालून पुरवलेली.
मोठ्या माणसानं चष्मा पुसावा तितका वेळ
त्यानं भिंग पुसलं.
मग खिशातली पेन्सिल काढून
पान चौऱ्याऐंशीवर एक आडवी रेघ मारली,
आणि कुणालाच नाही असं बोलला:
‘यातलं एक मी स्टोव्हमध्ये घातलंय.
एकोणनव्वद साली. एका बाईनं तपासायला पाठवलं होतं.
खोटं आहे, असं कळवलं. तिनं परत मागितलं नाही.’
‘नाव?’ ब्रेनानं विचारलं.
‘आठवत नाही, पोरी.’

पदक रौप्य द्यावं की सुवर्ण,
यावर आम्ही पाऊण तास भांडलो.
सुवर्ण ठरलं. कोरणावळ अक्षरागणिक,
म्हणून त्यावर नुसतं ‘बी. क्लुएट’.
तिनं ते खिशात टाकलं, चिल्लरीसोबत,
आणि बारावी खुर्ची घडी करून भिंतीला लावायला गेली.
‘राहू दे,’ अँब्रोज म्हणाला, ‘ती तुझीच.’

मी चिटणीस. जुनी बाडं माझ्या माळ्यावर असतात.
त्या रात्री एकोणनव्वद सालची आवक-जावक काढली.
मे महिना, अनुक्रमांक सतरा:
‘श्रीमती ड. पार्डी. पाकीट एक. बनावट. निकाली.’
अक्षर माझंच.

पुढच्या मंगळवारची विषयपत्रिका टंकून झाली आहे.
एक, मागील सभेचं इतिवृत्त.
दोन, हिशेब.
तीन, हीटरची दुरुस्ती.
चार, आयत्या वेळचे विषय.