इतर हक्क

अल-हमऱ्यात पाण्याचाही सातबारा असतो,
असं आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, हो का.

डोंगराच्या पोटातून फलज निघतो,
हातभर रुंद दगडी पाट.
अर्धा तास पाणी म्हणजे एक अथर.
भावाला एक, तर बहिणीला अर्धा.

झुवैना बिन्त सुलैयमच्या नावावर अर्धा अथर
आणि सहा खजूर.
खालची माती पुतण्याची.
"झाड माझं, मग सावली कुणाची गं?"
मी तिच्या पायाची पट्टी बदलत असते,
साखर आहे, जखम धरत नाही.
पुतण्या पाणी विकत मागतोय.
ती म्हणते, विकलं तर गुरुवारी उठू कशाला?

माझ्या मोबाइलात रोहिदासनं धाडलेला कागद.
हक्कसोडपत्र, गट नंबर दोनशे चौदा, सोबत मुखत्यारपत्र.
स्वखुशीने. दबावाशिवाय. मोबदला न घेता.
मस्कतच्या वकिलातीत शिक्का तेवढा मारून आण ताई,
माहेर काय, तुझंच आहे.
साडी घेऊन ठेवलीय त्यानं. फोटोत मोरपंखी दिसते.

बाबा गेल्यावर तलाठ्यानं माझं नाव लावलं,
पण भोगवटादारात नाही,
पलीकडे, 'इतर हक्क' मध्ये.
वर सोसायटीचा बोजा, खाली पाइपलाइनची नोंद,
मधे लंका बाबूराव ढोकणे.
विहिरीची शेवटची दोन परसं माझ्या ओव्हरटाइमची,
त्याची नोंद कुठल्या रकान्यात करतात,
ते तलाठ्याला विचारायचं राहून गेलं.

गुरुवारची रजा टाकली.
अकराचं टोकन, सहाची बस.
बॅगेत पासपोर्ट, दोन फोटो, निळ्या शाईचं पेन.

वाटेत झुवैना पाटावर बसलेली,
पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून.
पाय भिजवायचा नाही, मीच बजावलेलं.
म्हणाली, बोळा तू काढ.

चिंध्या नि दगड. वाकले, ओढला.
पाणी आधी थबकलं,
मग तिच्या वाफ्यात शिरलं, वाळकी पानं ढकलत.
पूर्वी ताऱ्यांवर मोजायचे.
आता माझा मोबाइल कठड्यावर ठेवला,
आकडे पळताहेत,
त्यांच्यामागे कुठंतरी तो कागद.

माझ्या चपला चिखलात. एक खजूर झाला, दुसरा.
वर रस्त्यावर बसनं हॉर्न दिला,
पुन्हा दिला, लांब.

झुवैनानं मान वर केली नाही.
"अजून चार मिनिटं आहेत," म्हणाली,
"त्या कोपऱ्यातल्या झाडाला पोचलं का बघ."