पान चौतीस

माझं काम वहीचं.
कुठल्या शॉटला मेणबत्ती किती बोटं उरली होती,
शेरीफच्या गुडघ्यावर धूळ कुठवर चढली होती,
पिस्तूल डाव्या कमरेला की उजव्या,
सगळं टिपून ठेवायचं, म्हणजे
मंगळवारी झाडलेली गोळी
पुढच्या शुक्रवारी त्याच माणसाला लागते.

साल्ताहून दोन दिवस वर. चार हजार मीटर.
टेक्सास म्हणून ही जागा कुणी निवडली
ते निर्माता सांगत नाही.
स्वस्त पडली, एवढं कळतं.
नकाशावर पांढरा डाग, जवळ गेल्यावर मीठ.

पहिल्याच दिवशी घोडे खाली बसले.
कुरणातले, लठ्ठ, देखणे घोडे,
नाकपुड्या फेंदारून बसले ते उठेनात.
घोडं कुठं पेंड खातंय ते आम्ही शोधत राहिलो
आणि घोडं पेंडही खाईना.
गावकऱ्यांनी त्यांच्या नाकाला लसूण चोळला,
आम्हाला कोकाची पानं दिली.
नायकानं नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी
तो नळीतून ऑक्सिजन ओढत ओढत
‘हात वर’ म्हणाला,
आणि मला लिहावं लागलं: ओठ निळे. पुढेही निळेच ठेवणे.

रात्री कॅमेऱ्यातलं तेल गोठायचं.
ओरेस्ते त्याला घोंगडीत गुंडाळून पोटाशी घेऊन झोपे.
बायकोचं पत्र येऊन त्याला महिना झालेला.
दुपारी वारा. बरोब्बर दोनला.
एकदा त्यानं चर्चची प्लायवूडची भिंत उचलली
आणि मिठावरून घसरत नेली अर्धा मैल;
पाद्री झालेला नट झगा सावरत तिच्यामागे धावला
दहा पावलं, मग बसला.
ते दृश्य कुणी घेतलं नाही.

रीळं खाली जायची. लॉरी, आगगाडी, ब्यूनोस आयर्स.
धुऊन, बघून, उलटी तार यायला अकरा दिवस.
वरातीमागून घोडं यावं तसं कळलं:
विहिरीजवळचा मृत्यू बाद.
कॅमेऱ्याच्या खिडकीत केस अडकलेला.
एक केस, पडद्यावर दोराएवढा,
मरणाऱ्याच्या कपाळावर वळवळणारा.
पुन्हा घ्या.

वही उघडली. पान चौतीस.
विहिरीच्या डावीकडे: सिक्स्तो विल्ते, वय साठ,
तपकिरी पोंचो, टोपी उजव्या हातात,
नजर प्रेताकडे.

सिक्स्तो नव्हता.
अर्धं गाव नव्हतं. रात्रीतून
लामांच्या पाठीवर मिठाच्या लाद्या बांधून
दरीत उतरले होते, मीठ देऊन मका आणायला.
सहायक दिग्दर्शक करार नाचवत राहिला.
बघायला उरले होते दोन म्हातारे,
पोरं, आणि एक गाभण कुत्री.
त्यातला एक पोरगा म्हणाला, मका पिकला की जायचं असतं.
मग सांगितलं का नाही?
तुम्ही विचारलं नाही.

शेवटी सिक्स्तोची बायको आली, एलेउतेरिया.
अंगात त्याचा जुना पोंचो, त्याचीच जुनी टोपी.
लांबून आम्ही सारखेच दिसतो, म्हणाली.
पैसे तेवढेच द्या.

वारा यायला दहा मिनिटं.
नायक पडला. सातव्या खेपेला बरा मेला.
आणि मला दिसलं:
टोपी डाव्या हातात. बाई डावखुरी.
आणि नजर प्रेताकडे नाहीच,
प्रेताच्या वरून, खिंडीकडे,
जिथं त्यांची धूळ दिसेनाशी झाली असेल.
रडवेली वगैरे नव्हती.
जनावरं परत येताना मोजावीत
तशी बघत होती, अजून एकही आलेलं नसताना.

दिग्दर्शकानं वळून विचारलं, जुळतंय?

बावीस वर्षं मी हे करते.
एका बटणापायी अख्खा दिवस
परत घ्यायला लावलाय मी.

वही मिटली.
जुळतंय, म्हटलं.

तेवढ्यात दोन वाजले
आणि ज्यानं त्यानं आपापली टोपी धरली.