कोळी, साळी

पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री पावणेदोनला.
पिंप भरलं, घागरी, पातेली,
शेवटी श्रीहरीची शाळेची बाटलीसुद्धा.
आता चार दिवस हे पाणी
भद्रावती पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत
आमच्यासोबत राहणार,
आणि पाण्यासोबत डास.

पिंपामागच्या कोपऱ्यात ती असते.
केसाएवढे पाय. फुंकर मारली
की अख्खं जाळं हलवते, इतकं जोरात
की स्वतःच दिसेनाशी होते.
भित्री म्हणावी, तर परवापर्यंत
अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसली होती, उपाशी.
मला माझा आठवा महिना आठवला.
सूप मांडीवर मावत नव्हतं,
तरी हजार विड्या वळून द्यायच्या,
त्यातून कारखान्यात छाट निघायची.

श्रीहरी पुस्तकातून मोठ्यानं वाचतो : कोळी.
जाळं टाकणारा.
सोलापुरात कुठला आलाय समुद्र!
आमच्या घरच्या तेलुगूत तो सालेपुरुगू,
साळ्याचा किडा.
म्हणजे भाऊबंदच.

मल्लेशम बारा तास टॉवेलच्या मागावर उभा असतो,
घरी आला तरी खटखट कानात घेऊन.
मोबाइलच्या उजेडात त्यानं जाळं पाहिलं :
"ना ताणा, ना बाणा. जॉबरनं पगार कापला असता."
पण गल्लीत, मीटरच्या पेटीपासून लिंबापर्यंत
दुसरी एक गोल विणते.
पहाटे सगळं सूत गिळून टाकते,
रात्री पुन्हा नवं.
ते बघत तो उभा राहिला, तोंडात ब्रश तसाच.
"हिचं सूत हिच्याच पोटात जातं," म्हणाला.
मग थुंकला, आणि कामावर गेला.

गेल्या भाद्रपदात श्रीहरीच्या प्लेटलेट
अठरा हजारांवर आल्या होत्या.
सिव्हिलच्या फरशीवर मी नऊ रात्री काढल्या.
तेव्हापासून महापालिकेची बाई येते,
पिंपात टॉर्च मारते, पावडर टाकते,
दारावर खडूनं तारीख लिहून जाते.
कोपऱ्यातली कुठली तारीख लिहीत नाही.
तिच्या जाळ्याखाली मी एकदा मोजले
डासांचे सुकलेले टरफल : एकतीस.
विड्या मोजणाऱ्या बोटांना
मोजल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीच्या तोंडावर जाऊबाई म्हणाल्या,
जाळं असलं की लक्ष्मी उंबऱ्यावरूनच परतते.
मी भिंती झाडल्या, माळा झाडला,
पंख्याची पातीही पुसली.
पिंपाशी आले आणि केरसुणी
दाराआड उभी करून ठेवली.
लक्ष्मीचा काय नेम.
डास मात्र रोज येतात.

आज अंडी फुटलीत.
तंबाखूच्या भुकटीएवढी पोरं,
त्यातलं एक सुतावरून खाली उतरून
पिंपाच्या झाकणावर बसलंय.
तांब्या हातात घेऊन मी उभी आहे.
श्रीहरी ओरडतो, "आई, पाणी!"
थांब रे जरा.