वाचून

सँत-ओर्तांसच्या चर्चमागे, नोंदींच्या खोलीत
हीटर खोकतो आणि पुन्हा गप्प बसतो.
मादाम लवासर हातमोजे काढत नाहीत.
मी जेरार सॅन्स, लुईस्टन, मेन.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
फ्रेंच येतं ते शिव्यांपुरतं आणि जेवणापुरतं.

"इथं प्रत्येक मुलगी मारी," त्या सांगतात,
"प्रत्येक मुलगा जोसेफ. तो देवाचा वाटा.
हाक मारायचं नाव शेवटी शोधा."
म्हणून मी शेवटाकडून बघत येतो:
जोसेफ-आल्फ्रेद-ओविला.
आजोबा!
नावावर बोट टेकवतो, तर त्या खेकसतात.
शाई जुनी आहे, बोटाला घाम असतो.

ओविला मिन्यरों दी साँशाग्रँ.
मधला तो 'दी', इवलासा.
म्हणजे, म्हणतात त्याला. म्हणे.
राजाच्या पलटणीत कुणी शिपाई होता,
सोबत्यांनी नाव पाडलं: दुःखावाचून.
बाकीचे होते ट्यूलिप, जागसूद, खुशीनं-चाल.
हा खरंच हसरा होता,
की सगळ्यांत रडका म्हणून चिडवायला ठेवलं,
ते कुठल्याच पाद्र्यानं लिहिलेलं नाही.

त्याच्या नातवांत एकानं पुढचं नाव उचललं,
एकानं मागचं. कुंपणाला कुंपण लागून
दोन परकी घराणी तयार झाली,
आणि त्यांच्यात लग्नं लागली.
समासात बिशपची बारीक अक्षरं:
चौथ्या पायरीचं नातं. माफ.

मग गिरणी. लुईस्टन.
पगारपत्रकाचा रकाना अरुंद,
मागं रांग,
कारकुनानं ऐकलं तेवढं लिहिलं: सॅन्स.
म्हणजे नुसतं 'वाचून'.
दुःख रकान्याबाहेर राहिलं.
तीन पिढ्या आम्ही वाचून.
कशावाचून, ते कुणी विचारलं नाही.

आजीच्या दगडावर तिकडे कोरलंय:
मिसेस ओ. सॅन्स.
इथं ती अख्खी आहे. मारी-एग्झिल्डा ग्रोंदँ.
"आमच्या वहीत बाई बापाचं नाव सोडत नाही,"
मादाम म्हणतात, "पुरतानासुद्धा."
लग्नाच्या पानाखाली पाद्र्याचा शेरा:
वधूस सही येत नाही असे तिने सांगितले.

मी उगाच आणखी एक पान उलटतो.

फेब्रुवारी. मारी, पुढे नाव नाही.
सुईणीनं घाईत पाणी शिंपडलं.
एक दिवस जगली.
बाप ओविला साँशाग्रँ, मजूर.
जमीन गोठलेली, सबब पेटी शवघरात.
खाली दुसऱ्या शाईत:
मे महिन्याच्या नऊ तारखेस पुरली.
आईबाप हजर नव्हते.

ते एप्रिलच्या गाडीनं गेले होते.

आजी बर्फ वितळायला लागला की
खिडकी बंद करून घ्यायची.
आम्हाला वाटायचं, तिला सर्दी होते.

साडेचार वाजतात. मादाम वही मिटतात,
पाहुण्यांचं रजिस्टर पुढे सरकवतात.
मी आडनाव पूर्ण उच्चारून बघतो,
शेवट नाकात अडकतो.
"माझी आईही साँशाग्रँच," त्या म्हणतात,
"निम्मं गाव तेच आहे.
उद्या आलात तर सकाळी या.
दुपारी हा हीटर चालत नाही."