सात अंशांखाली

शलाकाचा फोन रात्री येतो. तिची तेव्हा सकाळ.
"बाबा, इथे सगळे म्हणतात चारही टायर बदल,
थंडीचे वेगळे असतात. आठशे डॉलर.
पण माझ्या टायरांची नक्षी अजून शाबूत आहे.
काय करू?"

मी एकतीस वर्षं रे रोडला टायर रिमोल्ड केले.
टक्कल पडलेल्या टायरला नवी कातडी चढवून
पुन्हा घाटात पाठवला.
शाबूत नक्षीचा टायर उतरवणं
म्हणजे आमच्यात पानात टाकून उठणं.
जिभेवर आलंच होतं : चालव गं अजून एक हंगाम.

पण सास्काटून मी पाहिलेलं नाही.
माझी थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार सकाळी,
डांबरगोळीचा वास लागलेला स्वेटर
आणि गोठलेल्या खोबरेलाची बाटली
खिडकीतल्या उन्हात.
"जानेवारीत उणे तीस होतं," ती म्हणाली,
बसचं तिकीट सांगावं तशी.
मी म्हटलं, उद्या सांगतो.

सकाळी दारूखान्यात, मुस्तकीमच्या भंगारात.
परदेशी टायरांच्या ढिगात एक सापडला,
कुशीवर तीन शिखरांचा डोंगर, पोटात बर्फाची चांदणी.
ही खूण मी कैकदा पाहिली होती
आणि कंपनीचा छाप समजून पुढे सरकवली होती.
त्याचा एक तुकडा कापला, एक आपल्या साध्याचा,
आणि भाऊच्या धक्क्यावर हिराजी नाखव्याकडे.
"तासभर बर्फात ठेव, मीठ घालून."
त्यानं सुरमईंच्या दोन रांगांत जागा केली,
विचारलं, "हे कधीपासून खायला लागलास?"

तासानं काढले.
साधा तुकडा फरशीवर टाकला तर खट् वाजला,
शाळेच्या पाटीसारखा. नखाला दाद देईना.
डोंगरवाला बोटाखाली दबला,
त्याच्यावरच्या केसाएवढ्या चिरा
उघडल्या, मिटल्या, उघडल्या.
लादीवर घासून पाहिला : धरून राहिला,
मांजराचं पाऊल जसं.
साधा निसटला तो थेट पापलेटांत.
हिराजी हसला. मी नाही.

एकतीस वर्षं मी रबराची जाडी मोजली,
नक्षीची खोली, तारेचे पदर.
मऊपणा कधी मोजला नाही.
इथे रस्ताच पुरेसा तापवतो सगळ्यांना.

रात्री मीच फोन केला.
"बदल. चारही.
पुढचेच दोन लावलेस तर वळणावर
मागचं धूड तुझ्या पुढे यायला बघेल.
सात अंशांखाली साध्या रबराचं खोबरेल होतं,
वरून नक्षी दिसते आणि आत दगड.
ब्रेक तू लावशील गं, पण ऐकायचं त्याला असतं.
आणि उन्हाळ्याआधी आठवणीनं काढ,
गरम रस्त्यावर हे झरझर झिजतात.
मुंबईत आणलेस तर हंगामभरसुद्धा टिकायचे नाहीत."
"मी कुठे आणतेय," ती म्हणाली.
मग थोडा वेळ
फक्त लाइनीचा खर्च.
"जुने टाकू नकोस," मी म्हटलं, तेवढं राहवलं नाही.
"कोरड्यात ठेव. सावलीला."

डिसेंबरात तिनं व्हिडिओ पाठवला.
कुठल्याशा दुकानाचं रिकामं पार्किंग, सगळं पांढरं.
गाडी येते. ब्रेक.
करकर,
आणि उभी.
शेवटी कुणाचा तरी सुटलेला श्वास, बहुतेक तिचाच.
आठ सेकंद.

मी चार वेळा पाहिला.
दर वेळी वेगळं चाक.